सगळ्यांचा विषय कुणाचा? ओपन इलेक्टिव्ह नव्याने बांधताना

नागपुरातल्या एका स्वायत्त, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्या, महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा एकाच आवारात आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची नवी मांडणी करण्याचा राज्याचा शासन निर्णय 20 एप्रिल 2023 ला निघाला आणि स्वायत्त महाविद्यालयांना ती 2023-24 पासूनच लागू करायची होती. संलग्न महाविद्यालयांना आणखी एक वर्ष मिळालं, आम्हाला मिळाला एक उन्हाळा. त्या उन्हाळ्यात घाईघाईने जे उभं राहिलं, ते पुढे मोडून पुन्हा बांधण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचं समन्वयकपद माझ्याकडे आलं. मेजर, म्हणजे पदवीच्या मुख्य, विषयांबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यांची काळजी घ्यायला प्रत्येक विभाग बसलेला असतो. मला सांगायचंय ते सगळ्यांनी शिकायच्या भागाबद्दल. तो सगळ्यांचा असतो म्हणूनच त्याला वाली नसतो.

नव्या मांडणीत हा भाग चांगला मोठा आहे. ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याचे पेपर, सहअभ्यासक्रम. त्यातल्या ओपन इलेक्टिव्हचा नियम असा की ते आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचंच घ्यायचं. बी.एस्सी.च्या मुलीने कला किंवा वाणिज्यातलं, बी.कॉम.च्या मुलाने विज्ञानातलं. ही कल्पना काल-परवाची नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने 1949 च्या अहवालात सामान्य शिक्षणाचा जोरदार पुरस्कार केला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, सगळ्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक अभ्यासक्रम सुरू झाला, तो आजही चालतो. आपल्याकडे अहवाल झाले, आयोग झाले, पण अकरावीला शाखा निवडली की मुलगा त्याच वाटेने पदवीपर्यंत जायचा. त्यामुळे 2023 च्या नियमाकडे मी तरी मोठ्या आशेने पाहत होते. अजूनही पाहते.

घाईत झालं ते असं. प्रत्येक विभागाला सांगितलं गेलं, की दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठी दोन-दोन क्रेडिटचे पेपर द्या. प्रत्येक विभागाने आपल्या पहिल्या वर्षाच्या सिलॅबसमधली सोपी युनिटं काढून दिली. दैनंदिन जीवनातलं रसायनशास्त्र, वैयक्तिक अर्थनियोजन, व्यवहारातलं मानसशास्त्र, आणि आमच्या विभागाचं मूलभूत संख्याशास्त्र. मध्यमान, मध्यगा, बहुलक, प्रमाण विचलन. कला शाखेच्या मुलांना याचं काय करायचं हे ना त्यांना कळलं, ना शिकवणाऱ्याला सांगता आलं. लांबलचक यादी गुगल फॉर्ममध्ये टाकली, मुलांनी पटापट टिचक्या मारल्या, वर्ग भरले.

समितीचं काम सुरू झालं तेव्हा मी आग्रह धरला की आधी मुलांशी बोलू, आणि बोलताना त्या विषयाचे शिक्षक खोलीत नकोत. भूगोलाचे सर आणि मी, आम्ही दोघांनी मुलांना छोट्या छोट्या गटांत बोलावलं. पेपर कसा निवडला, असं विचारल्यावर उत्तरं सारखीच येत होती. तास सकाळी होता म्हणून. मैत्रिणीने घेतला म्हणून. सर नोट्स देतात म्हणून. काटोलहून रोज एसटीने येणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन क्रेडिटचाच त पेपर आहे, त्यात काय पाहायचं राहते?" त्यात उद्धटपणा नव्हता. आम्ही जे त्याच्यासमोर ठेवलं होतं, त्याचं मोल त्याने बरोबर ओळखलं होतं.

एका मुलीचं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. उमरेडकडची, विज्ञान शाखेची, अंबाझरी लेआउटजवळ खोली करून राहणारी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा ती त्या खोलीत होती. पुस्तकं, गादी, कागदपत्रं सगळं भिजलं. तिला ओपन इलेक्टिव्हमध्ये काय शिकायला आवडेल असं विचारलं, तर विषयाचं नाव तिला सांगता येईना. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी कुठून आलं ते जो तो वेगवेगळं सांगतो. कोणी म्हणते पाऊसच तेवढा होता, कोणी म्हणते सांडव्यासमोरचं स्मारक आडवं आलं, कोणी म्हणते नदीवर बांधकामं झाली. खरं काय ते कसं ठरवायचं?"

बैठकीतून बाहेर आल्यावर भूगोलाचे सर आणि मी बराच वेळ व्हरांड्यात उभे होतो. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर काही तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला हे लागतं आणि ते मोजतात कसं हेही. तलावाचा सांडवा किती पाणी सोडू शकतो, लाव्हा गावाजवळून निघणारी नाग नदी शहरात कुठे कुठे आवळली गेली, हे लागतं. भोसल्यांच्या काळातला हा तलाव आधी कशासाठी वापरात होता, हा इतिहास लागतो. नागपूर खंडपीठात दाखल झालेल्या जनहित याचिकेत कोणाची बाजू काय आहे, हे वाचता यावं लागतं. नुकसान भरपाईचा पंचनामा कसा होतो, हे वाणिज्याच्या मुलाला ठाऊक असायला हवं. म्हणजे एका मुलीच्या एका प्रश्नाला आमचे चार-पाच विभाग लागतात, आणि आमच्या यादीतल्या एकाही पेपरमध्ये तो प्रश्न विचारायला जागा नव्हती.

तिथून आमचा विचार पक्का झाला. सामाईक अभ्यासक्रमात थोडं याचं, थोडं त्याचं देण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या शाखांच्या मुलांना एका खऱ्या, न सुटलेल्या प्रश्नाभोवती बसवायचं, आणि "हे खरं आहे हे तुला कसं कळलं?" हे एकमेकांना विचारायला लावायचं. पेपर कमी ठेवायचे. प्रत्येक पेपर एका प्रश्नाचा असेल, दोन विभागांनी मिळून शिकवायचा. पहिल्या फेरीत तीन ठरले: नागपूरचं पाणी, नागपूरची उष्णता आणि विदर्भाचा अनुशेष.

हे मांडल्यावर वाद कल्पनेवर होईल असं वाटलं होतं. झाला तो कार्यभारावर. ज्यांना कॉलेजची आतली गणितं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते, कारण देशभरात असे बदल इथेच अडतात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तासांचं अध्यापन असावं लागतं. विभागाचे एकूण तास किती, यावर त्या विभागात किती पदं टिकतात हे ठरतं. आमच्याकडे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, त्यांचा पगार म्हणजे घेतलेले तास. त्यांच्या दृष्टीने यादीतून एक पेपर जाणं म्हणजे घरच्या किराण्यातून काहीतरी जाणं. पहिल्या मोठ्या बैठकीत एक तरुण मॅडम उठून म्हणाल्या, "तुमचा विचार मला पटतो, पण तो राबवला तर पुढच्या सत्रात मी इथे असेन का?" सभागृह एकदम शांत झालं. अभ्यासक्रम बदलणाऱ्यांनी या प्रश्नाला प्रशासनाचा प्रश्न म्हणून बाजूला सारू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या भरवशावर शिकवणं चालतं, त्यांच्या पोटावर पाय देऊन चांगला सिलॅबस उभा राहत नाही.

वाट सापडली ती क्रेडिटच्या हिशोबात. लेखी भागाच्या एका क्रेडिटला सत्रात 15 तास लागतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30. आधीचे सगळे पेपर दोन्ही क्रेडिट वर्गातल्या व्याख्यानाचे होते, म्हणजे 30 तास. आम्ही नव्या पेपरमध्ये एक क्रेडिट वर्गाचं आणि एक प्रात्यक्षिकाचं केलं. तास 45 झाले. शिवाय प्रात्यक्षिकाला मुलांच्या तुकड्या पाडाव्या लागतात आणि प्रत्येक तुकडीचे तास वेगळे मोजले जातात. पेपर कमी झाले तरी एकूण तास घटले नाहीत, आणि तासिका तत्त्वावरच्या कुणाचंही काम गेलं नाही. इतिहासाच्या पेपरला प्रात्यक्षिक कसलं, अशी हरकत आली. त्यावर इतिहासाच्या सरांनीच उत्तर दिलं: जुनी कागदपत्रं वाचणं, जुना नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवून पाहणं, वस्तीत जाऊन ज्येष्ठांशी बोलून नोंद करणं, हे प्रात्यक्षिकच आहे. ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह होता तो मी बरेच दिवसांत पाहिला नव्हता.

दुसरी अडचण नियमाची. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं हवं. मग भूगोल आणि संख्याशास्त्र मिळून शिकवतात तो पेपर कोणत्या शाखेचा धरायचा? विज्ञानाचा धरला तर विज्ञानाची मुलं बाहेर, मानव्यविद्येचा धरला तर कलेची बाहेर, आणि आमचा सगळा खटाटोप तर त्यांना एका बाकावर बसवण्यासाठी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि चौथी आहे आंतरविद्याशाखीय अभ्यास. हे पेपर आम्ही तिच्याखाली ठेवले. ती कुणाच्याच मेजरची शाखा नसल्याने दार सगळ्यांना उघडं झालं. विद्वत परिषदेत, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळात, विद्यापीठाच्या प्रतिनिधींनी याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ घेतला, शासन निर्णयाची पानं उलटून पाहिली, आणि मान्यता दिली. वेळापत्रकाचा घोळ त्यामानाने लवकर सुटला. वाणिज्याचे वर्ग सकाळच्या पाळीत, विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी. मधला एक सामाईक स्लॉट काढला, त्यासाठी प्राचार्यांनी सगळ्या विभागांना स्वतः जाऊन समजावलं.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल. उष्णतेच्या पेपरची सुरुवात आम्ही एका बातमीने करतो. 30 मे 2024 ला नागपुरात 56 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली, हे देशभर गाजलं होतं. रामदासपेठेजवळच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ती दाखवली होती. वर्गात विचारलं, की हे ज्यांनी मोबाइलवर पुढे पाठवलं त्यांनी हात वर करा. जवळपास सगळे हात वर. मग फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. जगातला नोंदवलेला उच्चांक, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत, 10 जुलै 1913 ला: 56.7. भारतातला, राजस्थानातल्या फलोदीत, 19 मे 2016 ला: 51. आणि आपल्या रामदासपेठेत: 56. एवढं लिहून मी गप्प राहिले.

आधी कुजबुज. मग भौतिकशास्त्राची एक मुलगी म्हणाली की शहरातल्या बाकीच्या केंद्रांवर त्या दुपारी किती होतं ते पाहायला हवं. त्या दिवशी दुसऱ्या काही केंद्रांवर पारा कितीतरी खाली होता, आणि हवामान खात्याने नंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. इथपर्यंत आम्ही मुलांना पायरी पायरीने आणलं. मग बी.ए.चा एक मुलगा, कामठीचा, मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, आकडा खोटा असन, पण गरमी त खरी होती ना जी! माझ्या बाबाले त्याच आठवड्यात चक्कर आली होती, हातगाडीवर."

त्या वाक्यावर पुढचे कित्येक तास चालले. सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेला तापमापक जे सांगतो ते आणि उन्हातल्या हातगाडीवर माणसाला जे सोसावं लागतं ते, या दोन गोष्टी वेगळ्या. मग कोणता आकडा कशासाठी घ्यायचा? मुलांनी साधे तापमापक घेऊन आवारात मोजमाप केलं: पार्किंगच्या टिनाच्या शेडखाली, कडुलिंबाखाली, गच्चीवर, खस लावलेला कूलर चालू असलेल्या खोलीत. पहिल्या दिवशी एका तुकडीचे आकडे काहीच्या काही आले, कारण तापमापक तापलेल्या भिंतीला टेकवला होता. ते कुणी सांगायच्या आधी वाणिज्याच्या दोन मुलींनी शोधून काढलं. त्यांनी भिंतीपासून हातभर दूर धरून पुन्हा नोंद घेतली आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, कारणासकट. ती वही मी जपून ठेवली आहे. प्रमाण विचलन शिकवण्यात मी इतकी वर्षं घालवली, पण मोजण्यातली चूक आणि खरा फरक यांतला भेद वाणिज्याच्या मुलांच्या तोंडून इतका स्पष्ट मी त्याआधी ऐकला नव्हता. पेपरच्या शेवटच्या भागात अहमदाबादचा 2013 चा उष्णता कृती आराखडा घेतो. तिथे 2010 च्या लाटेनंतर तो का करावा लागला, त्यात कामाच्या वेळा बदलणं, पाण्याची सोय, दवाखान्यांना आगाऊ इशारा असं काय काय आहे, आणि आपल्या बर्डीच्या बाजारातल्या फेरीवाल्याला त्यातलं काय मिळतं, हे मुलं विचारून येतात.

अनुशेषाचा, म्हणजे विदर्भ विकासात किती मागे राहिला याचा, पेपर जास्त नाजूक होता. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार, त्यातून आलेलं हिवाळी अधिवेशन, संविधानाच्या कलम 371(2) मधली विकास मंडळांची तरतूद, 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल. घरोघरी यावर ठाम मतं असतात, वर्गात तर दोन्ही बाजूंचे शिक्षकही होते. प्राचार्यांना भीती होती, की तास म्हणजे सभा होईल. राज्यशास्त्राच्या मॅडम आणि मी तो मिळून घेतला. मी सरासरीपासून सुरुवात केली. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे, यावरून अनुशेष मोजला. पण राज्याच्या सरासरीत मुंबई धरायची की नाही? सिंचन मोजताना पेरणीखालच्या जमिनीशी तुलना करायची की लोकसंख्येशी? रस्ते क्षेत्रफळावर मोजायचे की माणसांवर? मुलांनी एकाच माहितीतून वेगवेगळे हिशोब केले आणि प्रत्येक हिशोबात मागास जिल्ह्यांचा क्रम बदलला. वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा एक मुलगा आणि विरोधातली एक मुलगी एकाच तक्त्यावर वाकून आकडे तपासत होते. दोघांनी मत बदललं नाही. पण आपलं मत कोणत्या मोजणीवर उभं आहे हे दोघांनाही सांगता आलं, आणि माझ्या लेखी पदवीच्या मुलाला एवढं यायलाच हवं.

भाषेचं मी आधीच सांगायला हवं होतं. आमच्या वर्गात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही एका वाक्यात येतात. विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी, कलेची मुलं मराठी माध्यमातली, मोमीनपुऱ्याकडून येणारी काही उर्दू शाळेतली. नोंदवही कोणत्याही भाषेत लिहायची मुभा दिली आणि ज्यांनी आजवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं त्यांची पानंच्या पानं भरलेली आली.

परीक्षेवर मात्र आम्हाला मनासारखं सगळं मिळालं नाही. पन्नास गुणांचा पेपर, त्याची प्रश्नपेढी, त्यावरून बाजारात येणारं गाइड, हे चक्र तोडल्याशिवाय बाकी सगळं फुकट जाईल असं मी समितीत म्हणत राहिले. परीक्षा विभागाचं म्हणणं, की तोंडी परीक्षा आणि नोंदवहीवर एवढे गुण दिले तर पुनर्मूल्यांकन कसं करणार? मुद्दा बिनबुडाचा नव्हता. शेवटी निम्मे गुण नोंदवही आणि तोंडीला, निम्मे लेखी परीक्षेला. लेखी परीक्षेत न पाहिलेली बातमी किंवा तक्ता द्यायचा आणि त्यावर विचारायचं: यातलं काय मान्य कराल, काय करणार नाही, आणि आणखी काय पाहायला मागाल? पहिल्याच सत्रात पालकांचे फोन आले, की याचं गाइड कुठे मिळेल. नापास फार झाले नाहीत, पण पहिल्या वर्गात यायची सवय असलेल्या काही मुलांना कमी गुण पडले आणि त्यांचा राग मी समोर बसून ऐकला. त्यांना त्यांच्या वह्या उघडून दाखवल्या. काही पटून गेले, काही नाही.

विद्वत परिषदेने मान्यता एका वर्षापुरती दिली आणि आढावा मागितला. पाण्याचा पेपर अजून कच्चा आहे. अंबाझरीपुरता तो ठीक चालतो, पण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंचच्या तोतलाडोह धरणातून येतो, तिथल्या शेतकऱ्यांच्या वाट्याचं काय, हे घ्यायचं तर कृषी अर्थशास्त्र शिकवणारं कुणीतरी हवं आणि ते आमच्याकडे नाही. इंग्रजीच्या सरांनी बातमीलेखनाचा भाग घेण्याची तयारी दाखवली आहे. त्या बैठकीत पाण्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, तिने हा पेपर घेतला नाही, कारण तिच्या वर्षाला तो लागूच नव्हता. तरी ती शनिवारी येऊन मागे बसते.

आढाव्यासाठी मी एकच मागणी लिहून ठेवली आहे. आमच्या कार्यभाराच्या प्रपत्रात एका तासासमोर एकाच शिक्षकाचं नाव लिहायला जागा आहे. सामाईक तासाला आम्ही दोघं वर्गात असतो, दोघांचीही तयारी तेवढीच, तास मात्र एकाच्या नावावर चढतो आणि दुसरा तो आपल्या वेळातून देतो. कायम नोकरीतल्या माझ्यासारख्यांना ते परवडतं. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना ते मागणंसुद्धा बरोबर नाही, म्हणून आजवर त्यांना जोडीला घेता आलेलं नाही. त्या रकान्यात दुसऱ्या नावाला जागा मिळावी, आणि त्या नावालाही तासाचं मानधन मिळावं.